ओरिन टॉफ्टेचा न पडणारा मेंढा

ओरिन टॉफ्टे आमच्या काउंटीचा ग्रेडर चालवायचा. मातीचे रस्ते सपाट करत आठवडाभर गोगलगायीच्या चालीने जायचं, मागे ट्रकवाले हॉर्न मारून मारून थकायचे, आणि हा बाबा वर बसून शांतपणे मीटलोफचं सँडविच खायचा. अशा माणसाला वेगाची हाव सुटली तर नवल नाही. ती त्याने गाडी पळवून भागवली असती तर मोन्टानातल्या आम्हा चार लोकांचे कान वाचले असते. पण त्याने ती मॅग्नम रिव्हॉल्व्हरवर भागवली.

काडतुसं तो विकत घेत नसे, घरीच भरायचा. वापरलेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, पावडर मोजून ओतायची, वर गोळी बसवायची आणि शेवटी पुंगळीचं तोंड गोळीभोवती घट्ट आवळायचं. माझं टायरचं दुकान. चाकांना लावायची शिशाची जुनी वजनं माझ्याकडे ढिगाने पडलेली असायची. ओरिन ती कॉफीच्या डब्यातून न्यायचा आणि गॅरेजात वितळवून गोळ्या ओतायचा. बदल्यात मला व्याख्यान मिळायचं. कोणती पावडर भसकन पेटते, कोणती रेंगाळत पेटते, कोणत्या गोळीला कोणती मानवते. गिऱ्हाईक टायर हातात धरून ताटकळत उभं असलं तरी व्याख्यान संपायचं नाही.

एवढं ज्ञान पाजळून त्याचं स्वतःचं मत एकच होतं. गोळी हलकी घ्यायची आणि पावडर पुस्तकातल्या शेवटच्या मर्यादेपर्यंत भरायची. वेग मिळाला की बाकी सगळं आपोआप होतं म्हणे.

होत काहीच नव्हतं. आमच्या क्लबात दर उन्हाळ्यात पोलादी पत्र्याची जनावरं गोळीने पाडायची स्पर्धा असते. शेवटी असतात मेंढे, दोनशे मीटरवर. मेंढ्याला नुसती गोळी लागून भागत नाही, तो चौथऱ्यावरून पडावा लागतो. ओरिनची गोळी विजेसारखी जायची, मेंढ्यावर आपटून तिचा भुगा व्हायचा आणि मेंढा टण्ण वाजून जागच्या जागी उभा राहायचा. वर्षानुवर्षं नुसत्या घंटा वाजवल्यामुळे क्लबात त्याचं नाव पाद्री पडलं होतं.

त्याची बायको अर्डिस शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. ती गॅरेजातल्या ओरिनच्याच टेबलावर आपली काडतुसं भरायची. शिशाची जाडजूड गोळी आणि पावडर जेमतेम, तीही ओरिन ज्या बाटलीकडे ढुंकून बघत नसे त्या बाटलीतली. तिची गोळी रमतगमत जायची, आणि मेंढा पडायचा.

"डेल, हिची गोळी पोचेपर्यंत माणसाचं एक सँडविच खाऊन होईल," ओरिन मला म्हणायचा.

"खा की," अर्डिस म्हणायची. "तुझा मेंढा कुठे पळून चाललाय."

मग एका वर्षी फ्रीझरचा विषय निघाला. शिकारीतल्या एल्क हरणाचं मांस ठेवायला अर्डिसला भला मोठा फ्रीझर हवा होता आणि गॅरेजात जागा एकच होती, ओरिनच्या टेबलाची. टेबल ट्रॅक्टरच्या शेडमध्ये हलवावं असं तिचं म्हणणं. त्या शेडमध्ये शेगडी नाही. आमच्या हिवाळ्यात तिथे कपातली कॉफी गोठते. ओरिनने जेवण सोडलं, म्हणजे दुपारचं. तेव्हा अर्डिस म्हणाली, "बरं, या वर्षी एक मेंढा पाड. एकच. पडला तर टेबल राहील, नाही पडला तर मुकाट्याने हलवायचं."

टेबलापायी ओरिनने तत्त्व सोडलं. जड गोळी घेतली. पण स्वभाव थोडाच सुटतो? तिच्यामागे त्याने रेंगाळणारी पावडर पुन्हा शेवटच्या मर्यादेपर्यंत भरली. आता जड गोळी लांबीला जास्त, म्हणून तोंड आवळणारा साचा नव्याने बसवायला हवा. त्यासाठी ओरिनने तो सैल केला, आणि नेमकी तेव्हाच अर्डिस मोजपट्टी घेऊन आत आली.

"अजून स्पर्धा व्हायचीय," ओरिन म्हणाला.

"मी कुठे काय म्हणतेय? माप घेतेय फक्त."

"कशाला पण?"

"तू पाय बाजूला घे जरा."

त्यावरून जी जुंपली ती माझ्यासमोर, मी शिशाचा डबा द्यायला आलो होतो. ओरिन तणतणत सगळी काडतुसं भरून मोकळा झाला. साचा सैल तो सैलच राहिला.

स्पर्धेच्या दिवशी मी दुर्बीण घेऊन त्याच्या शेजारी होतो. अर्डिसचे मेंढे आधीच पाडून झाले होते आणि ती सावलीत मोजे विणत बसली होती. ओरिनने पहिला बार काढला. काय आवाज तो, आणि काय धक्का. त्याची टोपी मानेवर गेली आणि गोळी टेकडीत. मेंढा होता तसाच.

"डेल," ओरिन हळूच म्हणाला, "फिरत नाहीये."

"काय फिरत नाहीये?"

"चक्री."

मी वाकून पाहिलं. त्या धक्क्याने रिव्हॉल्व्हरच्या चक्रीतल्या बाकीच्या गोळ्या आपापल्या पुंगळ्यांतून पुढे सरकल्या होत्या आणि तोंड बाहेर काढून अडकून बसल्या होत्या.

"ओरिन, तोंडं आवळली होतीस ना?"

त्याने मागे वळून अर्डिसकडे बोट दाखवलं. "ही मोजपट्टी घेऊन आली होती."

"मग मोजपट्टीने आवळायचीस," अर्डिस विणता विणता म्हणाली.

"घड्याळ चालू आहे, पाद्री," रेंजचा मुख्य हायरम म्हणाला.

ओरिनने एक एक गोळी अंगठ्याने मागे ढकलली. अंगठ्याने ढकलता येत होती, इतका अजागळ कारभार. चक्री मोकळी झाली, पण पुढच्या बाराला ती पुन्हा सरकली असती म्हणून काडतुसं बाहेर काढून ठेवली, आणि हा मोठा माणूस रिकामं रिव्हॉल्व्हर धरून नुसता उभा राहिला. मला खरंच वाईट वाटलं. वर्षभर मी त्याची चेष्टा केली होती, पण ते गॅरेज सोडलं तर त्याला दुसरं काय होतं?

अर्डिस उठून आली. स्वेटरच्या खिशातून तिने उरलेलं एक काडतूस काढलं, दोघांची रिव्हॉल्व्हरं एकाच मापाची. त्याला पेपरमिंटची गोळी चिकटली होती, ती तिने आधी तोंडात टाकली.

"तुला फ्रीझर नकोय का?" मी विचारलं.

"हवाय ना. पण त्याचा चेहरा बघ." मग ओरिनला म्हणाली, "मेंढ्याच्या वर ते झुडूप दिसतंय? त्यावर नेम धर."

"झुडपावर? मेंढा खाली आहे."

"माझी गोळी वाटेत खाली उतरते. ओरिन, वाद घरी."

त्याने झुडपावर नेम धरला. आवाज झाला फट्, बस. मी दुर्बिणीतून बघतोय, काहीच नाही. चुकली असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि टण् झालं. मेंढा मागे झुकला, पुढे आला, त्याने थोडा विचार केला, आणि सावकाश मागच्या मागे पडला.

"डेल, पडला का?" ओरिनचे डोळे मिटलेले होते.

मी दुर्बीण खाली घेतली. "पडला, पाद्री."

त्याने आधी अर्डिसला मिठी मारली, मग मला, मग हायरमला, आणि हायरमला अशा गोष्टी आवडत नाहीत.

घरी जाताना तो म्हणाला, "म्हणजे टेबल राहिलं."

"राहिलं," अर्डिस म्हणाली. "पण मेंढा माझ्या काडतुसाने पडला, तेव्हा टेबल माझं. फ्रीझर जाईल शेडमध्ये. मांस आणायला बर्फातून तू जायचंस."

परवा शिशाचा डबा घेऊन गेलो होतो. गोळी कोणती, पावडर कोणती, हे सगळं आता अर्डिस ठरवते. ओरिन शेजारी स्टुलावर बसून फक्त तोंडं आवळतो, आणि आवळलेलं प्रत्येक काडतूस तिच्याकडे देतो. ती अंगठ्याने गोळी ढकलून बघते, हलत नसेल तरच डब्यात टाकते.

"डेल," तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "सगळ्यात जोखमीचं काम तिने माझ्यावर सोपवलंय."