जादा तासाची यादी

राहुरी तालुक्यातल्या एका वस्तीवरच्या शाळेत मी चौथीला शिकवते. दोन वर्षांपूर्वी शाळेला दहा टॅब मिळाले. मुलं वीस, म्हणजे दोघांत एक. पहिल्याच दिवशी मी नियमांचा कागद कपाटाच्या दारावर चिकटवला. हात धुऊन टॅब घ्यायचा, आपल्याच नंबरचा घ्यायचा, लाईट आली की आधी कमी चार्जिंगवाले लावायचे, असे सहा नियम. सातवा मी नंतर घातला: सगळ्यांचा धडा हिरवा झाला की टॅब जमा आणि उरलेला वेळ ग्राउंडवर.

ॲपमध्ये प्रत्येक मुलाचं नाव होतं. धडा जमला की नावापुढे हिरवी खूण, नाही जमला तर लाल. भागाकाराला नऊ जण लाल होते. शाळा सुटल्यावर मी त्यांचा जादा तास घेत असे. सातवा नियम आल्यावर दोन आठवड्यांत नवाचे चार झाले आणि मग एकही उरला नाही. जादा तासाच्या यादीवर तारीख टाकून मी ती फाईलला लावली. केंद्रप्रमुखांचा फोन आला. "मॅडम, शनिवारी शिक्षण परिषदेत तुम्ही बोलायचं. कसं केलंत ते सांगा." मी मुद्दे काढले. अकरा झाले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटली तरी त्या नवांतली एक मुलगी बसून होती. मागच्या रांगेतली, फारसं न बोलणारी.

"तुझा जादा तास संपला. हिरवी झालीस तू," मी म्हटलं.

"व्हय."

"मग घरी जा."

"जाते," ती म्हणाली आणि बसून राहिली.

मला पाचची एसटी गाठायची होती. फळ्यावर ५२ भागिले ४ लिहिलं आणि म्हटलं, हे कर आणि जा. तिनं रेघा नीट मारल्या, आकडे जागच्या जागी मांडले आणि उत्तराची जागा कोरीच सोडून खडू खाली ठेवला.

"टॅबवर कसं आलं मग?"

"ती करती." ती म्हणजे वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी. "सगळ्यांचं तीच करती. मंग लवकर ग्राउंडवर जाता येतं."

"आणि तू करू दिलंस."

"माझ्यामुळं सगळे थांबायचे, बाई. लई बोलायचे मला."

"मग आज का बसलीस?"

"आक्काला भागाकार यायचा न्हाई. पाचवीत मोठ्या शाळेत उभं करायचे तिला. आता जात न्हाई ती. कांद्यात मजुरीला जाती. मी जूनला त्याच शाळेत जानार हाय."

एसटी गेली.

सकाळी मी हुशार मुलीला बोलावलं. तिनं काही नाकारलं नाही. कपाटाच्या दाराकडे बोट केलं. "सात नंबर वाचा, बाई. कुनी करायचं ते लिवलंच न्हाई."

मी वाचलं. खरंच लिहिलं नव्हतं.

नवांना पाट्या दिल्या. आठ जणांना भागाकार येत नव्हता. एकाला येत होता. तो कधी शिकला हे मला अजून कळलेलं नाही. मी केंद्रप्रमुखांना फोन लावला.

"सर, ते हिरवं खरं नाही."

"मॅडम, ते वर गेलंय. आणि हिरवं झालेलं परत लाल होत नाही. तशी सोयच नाही."

मी शोधून पाहिलं. नव्हती.

शनिवारी मी अकरा मुद्दे बाजूला ठेवले आणि सातवा नियम सांगितला. मग शेजारच्या शाळेतले एक सर म्हणाले, "आमचंही सगळं हिरवंच आहे. फळ्यावर घेऊन बघायला पाहिजे का?"

"बघा," मी म्हटलं. तेवढ्यात चहा आला.

सातवा नियम मी खोडला. फाईलमधली यादी परत काढली. आता आधी चिंचोक्यांचे सारखे वाटे, मग पाटी, मग टॅब. हुशार मुलीला मदतीला घेतलं; अट एकच, हात पाठीमागे ठेवायचे आणि नुसतं विचारायचं. तिला ते फार जड गेलं. "हात मागं ठिवून बोलताच येत न्हाई," ती दुसऱ्या दिवशी म्हणाली. आठवडाभरात यायला लागलं.

वार्षिक परीक्षेच्या आधी मागच्या रांगेतल्या मुलीनं पाटीवर ५३ भागिले ४ केलं. "तेरा. आन् एक उरला."

"उरू दे."

टॅबवर काहीच बदललं नाही. तिथं ती आधीच हिरवी होती. मी यादी आणि पेन तिच्यापुढे ठेवलं. तिनं स्वतःचं नाव एका रेघेत खोडलं.

"उद्या येऊ का?"

"यादीत नाव नाही तुझं."

"न्हाई," ती म्हणाली आणि चिंचोके मोजून डब्यात भरायला लागली. दुसऱ्या दिवशी आली.

आता ती मोठ्या शाळेत सहावीत आहे. एक दिवस चुकवत नाही, असं तिचा धाकटा भाऊ सांगतो. तो यंदा माझ्या वर्गात आहे. भागाकार त्यालाही येत नाही, पण ते त्यानं पहिल्याच दिवशी, टॅब हातात घ्यायच्या आधी सांगितलं. बहिणीनं तसं बजावून पाठवलं होतं.