चालत्या यंत्राची सुधारणा

श्रवणयंत्रांच्या त्या केंद्रात संगणकांची देखभाल करणाऱ्या गृहस्थांना सगळे नुसते 'संगणकवाले' म्हणत. यंत्रे चालू असेपर्यंत त्यांची आठवण कुणाला होत नसे. बंद पडली की दोष मात्र त्यांच्याच माथी.

आजचे संकट मुख्य बाईंच्या हौसेतून आले होते. जुन्या श्रवणयंत्रांत ज्याच्या-त्याच्या कानाप्रमाणे आवाज बसवणारा प्रोग्रॅम करणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती, आणि नव्या संगणकांवर तो चालत नसे. म्हणून संगणकवाल्यांनी नव्या संगणकाच्या पोटात, सॉफ्टवेअरनेच रचलेला एक जुना संगणक वसवला होता. व्हर्च्युअल मशीन म्हणतात ते हेच. ते बिचारे कुरकुर न करता चालले होते. पण या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आल्याची पिवळी पट्टी पडद्यावर झळकली आणि बाईंनी फर्मावले, "करून टाका हो अपग्रेड. आपणच मागे का राहायचं?"

केले. प्रोग्रॅमने ताबडतोब हात वर केले : 'हा परवाना या संगणकाचा नाही.'

समोरच्या खुर्चीत संगणकवाल्यांचा थोरला भाऊ खोळंबला होता. दादा मोटार मेकॅनिक; इंजिनाची घरघर ऐकून दुखणे ओळखणारा. त्याचे श्रवणयंत्र दुरुस्तीहून, आत बसवलेली मापे पुसली जाऊन, कोरे परतले होते. ते पुन्हा कानाजोगे होईपर्यंत गॅरेज ठप्प होते, आणि गिऱ्हाइके पलीकडच्या गॅरेजकडे वळू लागली होती.

"काय रे धाकट्या, झालं का?" दादाने ऐकू न येणाऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात विचारले.

संगणकवाल्यांनी नकारार्थी मान हलवली.

"गाडी चालत होती ना? मग बॉनेट उघडलंस कशाला?"

"बाईंनी सांगितलं!" ते त्याच्या कानाशी ओरडले.

"बाईंचं काय जातंय? हात काळे तुझे झालेत!"

सकाळपासून त्यांनी सॉफ्टवेअर काढून पुन्हा बसवले होते, सेटिंगे पालथी घातली होती. मदतकेंद्रातल्या मुलीने तर "सर, एकदा बंद करून चालू करून बघा ना" हे इतक्या गोडव्याने सुचवले की भांडायचीही सोय उरली नाही. त्यांनी दीर्घ उसासा टाकला. दादापर्यंत तो पोहोचला नाही.

'या संगणकाचा नाही.' पण संगणक तर तोच होता! मग तो परका कधी झाला?

तेव्हा त्यांना तो प्रश्न आठवला. अपग्रेडपूर्वी त्यांनी शहाण्यासारखी त्या मशीनची प्रत काढून ठेवली होती आणि अपग्रेडनंतर तिची एक नक्कल उघडली होती. उघडताना सॉफ्टवेअरने विचारले होते : हे मशीन दुसरीकडून हलवले, की याची प्रत केली? त्यांनी प्रामाणिकपणे 'प्रत केली' हे बटण दाबले होते. प्रत म्हणजे वेगळा संगणक, असे मानून सॉफ्टवेअरने त्याच्या नेटवर्क कार्डाला नवा नंबर दिला. आणि परवान्याची सारी ओळख त्या जुन्या नंबराशी!

आयुष्यभर फॉर्मपासून साक्षीपर्यंत खरे तेच सांगून त्यांना काय मिळाले होते? हेच. त्यांनी जपून ठेवलेली, अजून न उघडलेली पहिली प्रत आणली. प्रश्न पुन्हा आला. त्यांनी 'हलवले' हे बटण दाबले. धडधडीत खोटे. यंत्राचे मात्र पूर्ण समाधान झाले. प्रोग्रॅम निमूट उघडला.

दादाचे यंत्र जोडले आणि त्यात आवाज बसत असल्याच्या पट्ट्या पडद्यावर हळूहळू भरत गेल्या. दादाने यंत्र कानात बसवले. संगणकवाल्यांनी पुन्हा उसासा टाकला.

"ही हवा कुठून गळतेय रे?" दादा या वेळी न ओरडता म्हणाला. मग धाकट्याकडे वळून पाहत राहिला. "तूच होय! घरी जाऊन झोप जरा."

इतक्यात बाई दादाच्या पाठीमागच्या दारात डोकावल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "झालं ना? मग पलीकडच्या खोलीतलंही आजच अपग्रेड करून टाका."

उत्तर दादाने दिले, तेही मान न वळवता :

"बाई, ते चालतंय ना? मग राहू द्या."