गल्लीची शुगर

माझ्या मामाने उभी हयात वखारीत पोती तोलण्यात घालवली. निवृत्त झाला तेव्हा काटा वखारीतच राहिला, मोजायची खोड तेवढी घरी आली. मग मामीला मधुमेह निघाला, घरात शुगर तपासायचं यंत्र आलं, आणि आमच्या महाभागाला नवा काटा सापडला.

यंत्र मामीसाठी होतं, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. तिला रोज इन्सुलिन लागायचं. आधी बोट टोचून शुगर बघायची, मग इंजेक्शन किती घ्यायचं ते ठरवायचं. त्यासाठीच्या पट्ट्या सरकारी दवाखान्यातून मिळत, महिन्याला एक डबी. संपली की बसा वाट बघत. दुकानातल्या पट्ट्या पेन्शनला झेपत नसत.

आणि हा गृहस्थ दारात येईल त्याचं बोट टोचायचा! नळ दुरुस्त करणारा, वरच्या मजल्यावरचे काका, त्या काकांचा जावई. खुर्चीत बसवायचा, चष्मा नाकावर ओढायचा आणि दहावीचा निकाल लागल्यासारखा आकडा जाहीर करायचा. "एकशे बारा! गोड कमी करा." लोक त्याला 'डॉक्टर' म्हणत आणि जिना उतरताना हसत. त्याला ते कधी कळलं नाही. आकडे मात्र सगळे तोंडपाठ.

पट्ट्या संपल्या की मामी अंदाजाने इंजेक्शन घ्यायची.

"अगं, भांड की त्याच्याशी," मी म्हणायचे.

"जाऊ दे गं. तेवढाच मान मिळतो त्यांना."

मान! हलवायाच्या घरावर तुळशीपत्र, आणि हलवाई कोण, तर स्वतःची बायको. मला त्याची किळस यायची.

त्या सकाळी मी गेले तर मामी ओट्याला धरून उभी, घामाने चिंब, जीभ जड झालेली. मी डबी उघडली. रिकामी. शेवटची पट्टी आदल्या संध्याकाळी जावईबापूंच्या बोटाला लागली होती, आणि सकाळचं इंजेक्शन मामीने अंदाजानेच घेतलं होतं.

"शुगर वाढलीय तिची. इंजेक्शन दे," डॉक्टरसाहेबांनी फर्मावलं.

एवढा घाम शुगर उतरल्यावर सुटतो, हे मला ठाऊक होतं. मी त्याला बाजूला ढकललं, साखरेचं पाणी घोट घोट मामीच्या पोटात घातलं आणि रिक्षा बोलावली.

दवाखान्यात नर्सने तपासलं. शुगर अजूनही खालीच होती. "आणखी इन्सुलिन दिलं असतं तर हातच्या गेल्या असत्या," ती म्हणाली. मग मामाकडे वळली. "काल किती होती यांची?"

मामा नखं बघत उभा.

"परवा?"

"मोजायची राहिली."

मामीने डोळे उघडले नाहीत. "त्यांना माझी नका विचारू, बाई," ती हळू म्हणाली. "गल्लीतल्यांची विचारा. ती पाठ आहे त्यांना."

नर्स हसली नाही. मामाचा चेहरा मात्र, देवाशपथ सांगते, उजळला.

"वरच्या काकांची एकशे अठरा," तो म्हणाला. "उपाशीपोटी."