रंभाकाकू आणि ओटीवरचा दिवाण

हैबतकाकांच्या ओटीवर सागवानी दिवाण होता आणि दिवाणावर हैबतकाका. आमच्या रोह्याकडच्या गावात त्यांचं घर विचारलं तर एवढी खूण पुरायची. दिवाण काकांच्या वडिलांनी आणलेला, बदली होऊन चाललेल्या कुठल्याशा साहेबाकडून. उंच कातीव पाय, मध्ये वेताची वीण. काका दुपारी जेवून त्यावर आडवे व्हायचे आणि रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायचे. उत्तर मिळेपर्यंत माणूस पुढे जाऊ शकत नसे.

त्यांची बायको रंभाकाकू या दिवाणाला रोज शिव्या घालायची. मी शेजारी राहतो, त्यामुळे मला त्या पाठ आहेत. सारवताना आडवा येतो, केर अडतो, रिकामटेकडे येऊन बसतात आणि चहा मागतात. "ह्या धुडाला येकदा चुलीत घालीन," असं ती म्हणायची आणि मग त्याच धुडाची धूळ पदरानं पुसायची. ती स्वतः मात्र त्यावर कधी बसली नाही. लग्न होऊन आली तेव्हा त्यावर सासरे असत. सासरे गेल्यावर नवरा. बसू नको असं तिला कुणी सांगितलं नव्हतं, पण बस असंही कुणी म्हटलं नव्हतं. ती आपली खाली, उंबऱ्याशी, वाल सोलत बसायची.

एका वर्षी भाताच्या भाऱ्यांची उडवी रचताना काका वरून पडले आणि कंबरेतून अधू झाले. तेव्हापासून त्यांना खाली बसता येईना. दिवाण उंच होता म्हणून बरं. पाय खाली सोडायचे, काठावर हात रेटायचा, की काका आपले आपण उभे. उठायला दुसऱ्याचा हात मागणं त्यांच्या जिवावर यायचं. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही, आणि न सांगितलेलं ओळखण्याची त्यांच्या मुलाला सवय नव्हती.

मुलगा आदेश डोलवीच्या कंपनीत काँट्रॅक्टवर होता आणि पेणला खोली घेऊन राहायचा. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. त्याचं लग्न जुळत आलं होतं आणि मुलीकडची माणसं गौरीच्या दिवशी दर्शनाला येणार होती. तेवढ्यासाठी त्यानं श्रावणातच ओटीला ऑइलपेंट मारला. मग त्याच्या ओळखीनं मुंबईचा एक जुन्या फर्निचरचा व्यापारी दिवाण बघायला आला. त्यानं पाय ठोकून पाहिले, वेत दाबून पाहिला आणि म्हणाला, "अँटिक आहे." अँटिक म्हणजे जुनं, पण विकायचं. घरात राहिलं तर त्याला नुसतं जुनंच म्हणतात.

"बंगल्यांतून याला डे-बेड म्हणतात, काका," व्यापारी म्हणाला. "दिवसा जरा पडायला."

"मी दिवसाच पडतो," काका दिवाणावरून म्हणाले.

सौदा आदेशनं ठरवला. काका हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. मला संताप आला होता, पण शेजाऱ्यानं दुसऱ्याच्या घरात किती बोलायचं?

चतुर्थीच्या आदल्या दिवशी पेणहून टेम्पोतून नवा दिवाण आला. प्लायवुडचा, चॉकलेटी सनमायका लावलेला, आणि आत सामान ठेवायला बॉक्स. गादी उचलायची, फळी उचलायची, की खाली अख्खा संसार मावेल. उंची मात्र गुडघ्याच्याही खाली. जुन्या दिवाणाच्या पाचरी काढून आदेशनं पाय सुटे केले आणि चौकट मागच्या पडवीत टेकवून ठेवली. मग त्यानं काकांना नव्यावर बसवलं. काका बसले ते खाली गेलेच. उठताना आदेशनं एका बाजूनं धरलं आणि मी दुसऱ्या.

"कसा हाय?" आदेशनं विचारलं.

"गादी मऊ हाय," काका म्हणाले.

रंभाकाकू दारात उभी राहून सगळं बघत होती. ती काही बोलली नाही, यानंच मी जरा सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आदेश पेणजवळच्या जोह्याहून आणलेली मूर्ती घेऊन उभा आणि चौरंग मांडायची वेळ आली, तर काकू म्हणाली, "नवी वस्तू घरात आली. तिच्यावर पयला देव बसू दे, मग माणसं."

आदेशला तर आनंदच झाला. सनमायक्यावर मखर उभं राहिलं, पूजा झाली आणि गणपती नव्या दिवाणावर विराजमान झाले. काकांची रवानगी खुर्चीवर झाली.

दोन दिवसांनी व्यापारी टेम्पो घेऊन हजर. पडवीत चौकट होती, पाय नव्हते. आदेशनं गोठा पाहिला, माळा पाहिला, सरपणाचा ढीग उपसला. शेवटी घामाघूम होऊन त्यानं आईला विचारलं.

"ते व्हय?" काकू मोदकाची उकड मळता मळता म्हणाली. "बॉक्सात ठेवलेत. बाहेर हरवतील म्हणून."

आम्ही सगळे ओटीकडे बघायला लागलो. बॉक्सवर फळी, फळीवर गादी, गादीवर पाट आणि पाटावर गणपती. विसर्जनाआधी देव जागचा हलवायचा नसतो, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत आहे. व्यापाऱ्यालाही माहीत होतं. त्यानं चपला काढून नमस्कार केला, मोदक खाल्ला आणि विसर्जन झालं की येतो म्हणून रिकामा टेम्पो घेऊन गेला.

गौरीच्या दिवशी पाहुणे आले, नव्या दिवाणाचं कौतुक करून गेले. दुसऱ्या दिवशी आम्ही गौरी-गणपती नदीवर नेले. काकांना चालवत नव्हतं, ते घरी थांबले. परतलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ओटीवर अंधार, आणि नव्या दिवाणावर, देव उठला त्या जागी, काका बसलेले. पाण्याचा तांब्या समोर लवंडलेला.

"दिवा का नाय लावला?" आदेश म्हणाला.

"बसलोय जरा," काका म्हणाले.

आदेश बटणाकडे गेला. उजेड पडला तेव्हा त्याला दिसलं की काठावरची सनमायक्याची पट्टी रेटून रेटून उचकटली होती. आम्ही नदीकडे निघाल्यापासून ते बसलेलेच होते. खाली वाकून आदेशनं बापाला मिठी मारावी तसं कवेत धरलं आणि उभं केलं. त्याचा चेहरा मला बघवेना.

मग त्यानंच गादी काढली, फळी उचलली. पाय आत होते, काकूच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेले. पाचरीसुद्धा. त्यानं नवा दिवाण बाजूला सरकवला, पडवीतली चौकट आणली, कोयत्याच्या पाठीनं पाचरी ठोकल्या आणि जुना दिवाण जागेवर उभा केला. व्यापाऱ्याला काय सांगायचं, हे कुणी विचारलं नाही.

"डुगडुगतो का बघ," काका म्हणाले.

आदेश हात पुसत पुढे झाला, पण त्याच्या आधी रंभाकाकू गेली. दिवाणावर बसली. पाय अधांतरी राहिले तिचे. जरा हलून पाहिलं आणि म्हणाली, "नाय डुगडुगत." आणि तशीच बसून राहिली.

काका काठीवर रेलून बघत राहिले. आता ती उठेल असं मला वाटलं, त्यांनाही वाटलं असावं. ती उठली नाही.

"सरक गो जराशी," काका म्हणाले.