साडूंचं पाण्यातलं घड्याळ

वस्तू विकत घेण्यासाठी धडपडणारी माणसं जगात पुष्कळ असतील. पण वस्तू न घेण्यासाठी इतके कष्ट उपसणारा माणूस आमच्या साडूंशिवाय दुसरा झाला नाही. तळेगावच्या एका कारखान्यात ते खरेदी विभागात होते. तीन कोटेशनांशिवाय तिथे टाचणी येत नसे. निवृत्तीनंतर त्यांच्या घरी कोथिंबीर येत नाही. मंडईतली मावशी तर तोंडावर विचारते, "भाऊ, जुडी घेताय का शेत?"

अशा माणसाने एके दिवशी जाहीर केलं, की आपण मनगटावरचा डायव्ह कम्प्युटर घेणार! समुद्राच्या पोटात उतरलेल्याला किती खोल गेलास, किती वेळ राहिलास, वर किती सावकाश यायचं, हे सांगणारं ते घड्याळ. आता साडूंचा आणि पाण्याचा संबंध म्हणाल तर तांब्यापुरता. अंघोळीला डोक्यावरून पाणी घेतानासुद्धा ते नाक चिमटीत धरतात. लोणावळ्याला आमच्याकडे आले, की सगळं जग धरणाच्या पायऱ्यांवर भिजत असतं आणि हे गाडीच्या काचा वर करून सगळ्यांच्या चपला राखत बसतात. पण त्यांची एकुलती एक मुलगी, म्हणजे आमची भाची, मालवणला पर्यटकांना समुद्राखाली घेऊन जाते. ती कुणावर गेली, देव जाणे. तिचा एकच हट्ट, "बाबा, एकदा माझ्याबरोबर खाली या." साडूंचं उत्तर ठरलेलं, "येतो ना! आधी कम्प्युटर येऊ दे. उपकरणाशिवाय उतरणं हा बेजबाबदारपणा आहे."

मग तीन वर्षं नुसता संशोधनाचा धुमाकूळ. रंगीत पडदा की साधा, सेल घरी बदलता येतो की कंपनीत पाठवावा लागतो, होकायंत्र हवं की नको. "पाण्यात उत्तर दिशा कळून मी काय करणार? पण फुकट देत असतील तर असू दे." एका दुकानदाराला त्यांनी माझ्यादेखत फोन केला होता. "शंभर मीटरपर्यंत चालतं म्हणता. मला दहाच लागणार. उरलेल्या नव्वद मीटरचे कमी करा." त्याने फोन आपटला. "उर्मट आहे. बाद," साडू म्हणाले आणि पाडव्याच्या सेलची वाट बघू लागले. पाडव्यानंतर दिवाळीची. शेवटी आमच्या मेव्हणीबाई कडाडल्या, "मला बघायला आलात तेव्हा कुठे गेली होती तुमची तीन कोटेशनं?"

अशात भाचीला परदेशात नोकरी लागली. तिने फोन केला, "बाबा, आठवड्याभरात निघतेय. या रविवारी नाही, तर मग कधी ते मला माहीत नाही." दुसऱ्या दिवशी साडूंनी सगळ्यात स्वस्त घड्याळ आणलं. पण स्वस्तातली वस्तू पारखून घ्यावी, हा त्यांचा बाणा. मालवणला निघायच्या आदल्या दिवशी ते माझ्याकडे हजर झाले आणि आम्ही वलवणला, आम्हाला दूध घालणाऱ्या आबांच्या विहिरीवर गेलो. साडूंनी घड्याळाला दोरी बांधली आणि कळशी सोडावी तसं ते तळाशी सोडलं.

आबा म्हणाले, "भाऊ, घड्याळाला पवाया शिकिवताय व्हय?"

"टेस्टिंग आहे, आबा. दिवसभर राहू दे."

घरी येऊन साडू पोटभर जेवले, झोपले. संध्याकाळी जाऊन सर्रकन दोरी ओढली, तर घड्याळाने नुसता आकांत मांडलेला! साडूंनी माहितीपुस्तक उघडलं. घड्याळाच्या समजुतीप्रमाणे साडू दिवसभर अकरा मीटर खाली बसून होते आणि कुठेही न थांबता एका दमात वर आले होते. असल्या माणसाने दोन दिवस पाण्यात उतरायचं नाही, असं ठरवून घड्याळाने आपलं काम बंद केलं होतं.

"त्येला सांगा की," आबा म्हणाले, "मानूस घरी जेवून झोपला व्हता. उगं लय काळजी करतंय."

हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. साडूंकडे पाहिलं तर त्यांच्या चेहऱ्यावर चक्क सुटका झाल्यासारखा भाव! तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. भीती वाटते म्हणायला बापाला लाज वाटते, बजेटात बसत नाही म्हणायला वाटत नाही. मला त्यांची फार माया आली.

मालवणला मीही बरोबर गेलो. होडीत बसल्यावर साडूंनी मनगट लेकीपुढे धरलं. "बघ, मनाई आहे. नियम म्हणजे नियम."

तिने बटण दाबून पाहिलं. "बाबा, परवा दिवसभर कुठे होतात?"

"विहिरीत," साडू म्हणाले.

ती हसली नाही. घड्याळ सोडवून तिने माझ्याकडे दिलं आणि हळूच विचारलं, "भीती वाटते का हो?"

तीन वर्षांत पहिल्यांदाच साडूंनी घासाघीस न करता उत्तर दिलं. "हो गं. फार."

"मग माझा हात धरा."

दोघं खाली गेली. मी ते रुसलेलं घड्याळ मुठीत धरून पाण्याकडे बघत बसलो. वर आल्यावर साडू मला म्हणाले, "एक निळा मासा होता हो, अगदी..." लेकीचा हात त्यांनी किनारा येईपर्यंत सोडला नाही.

ती परदेशी गेली. साडू आता भाजीलासुद्धा ते घड्याळ बांधून जातात. कुणी विचारलंच, तर बटण दाबून दाखवतात: अकरा मीटर, अख्खा दिवस. लोक तोंडात बोट घालतात. विहिरीचं नाव काढायचं नाही, अशी मला ताकीद आहे. परवा मंडईत मी मुद्दाम छेडलं, "साडूसाहेब, ती मालवणची डुबकी दाखवा की."

"ती ह्यात नाही हो," ते म्हणाले. लेकीने धरलेला तो हात क्षणभर नुसता बघत राहिले, आणि मग मावशीने सांगितलेल्या भावाने मुकाट्याने कोथिंबीर घेतली.