सारजाबाईची विहीर

पहाटेचा गारवा ऊन वर येताच पळाला आणि कॉलेजची पत्र्याची प्रयोगशाळा तापायला लागली. हैदर सरांनी खिडक्या उघडल्या, टेबल पुसलं, पण कोपऱ्यातली उबवणपेटी काही त्यांना उघडवेना. तिच्यात दौलताबादजवळच्या एका वस्तीवरच्या विहिरीचं पाणी काचनळ्यांत भरून ठेवलं होतं. पाण्यात घाण असली तर नळीत बुडबुडा धरतो.

पर्यावरण म्हणजे नुसता पास व्हायचा विषय, असं मानणाऱ्या पोरांना सरांनी हयातभर शिकवलं. फळ्यावर कमी, बांधावर जास्त. जुन्या विहिरींचा तर त्यांना नादच. औरंगपुऱ्यात भाजी आणायला निघालेला माणूस कुठल्या तरी विहिरीत डोकावताना सापडायचा. त्यांच्या पत्नी अख्तरीबी म्हणायच्या, सवत परवडली असती, तिच्याशी भांडता तरी आलं असतं.

मागच्या महिन्यात विद्यार्थ्यांनी याच विहिरीचा नमुना आणला, त्यात बुडबुडेच बुडबुडे निघाले. सरांनी अहवालावर सही केली. तो वाचून ग्रामपंचायतीनं विहीर बुजवायचं ठरवलं, मुरूमही काठावर आणून टाकला. वस्ती टँकरची वाट बघत बसली. सरांचं मन मात्र खात होतं. वर जाळी असलेली, वेळच्या वेळी जंतुनाशक पावडर पडणारी विहीर इतकी नासली कशी? म्हणून ते परवा स्वतः गेले.

बाटली दोरीनं थेट पाण्यात सोडायची, हा त्यांचा नेम. पहिला नमुना आणणाऱ्या पोरांतली सायली सोबत होती, तिनं मान खाली घालून सांगितलं, पाणी लई खाली गेलं होतं, दोरी पुरली नाही, म्हणून विहिरीशेजारच्या सारजाबाईची बादली घेतली.

बादली ओट्यावरच होती. काठाला शेण वाळलेलं.

"हिच्यात काय करता, बाई?"

"सडा कालवते की. पण पोरींला इसळून दिली व्हती."

सरांनी ते वाळलेलं शेण नखानं खरवडलं. "म्हणजे मी तुमच्या शेणावर सही केली, बाई."

"मंग बुजवायचं काय, सर? ईर का माझं अंगण?"

त्यांनी लांब दोरीनं नवा नमुना घेतला. तोच आता पेटीत होता.

शेवटी सरांनी पेटी उघडली. एकेक नळी उजेडात धरली, तिरपी करून पाहिली, पुन्हा पाहिली. एकीतही बुडबुडा नव्हता. खुर्ची ओढून ते बसले आणि बराच वेळ नुसतं हसत राहिले.

सरपंचांना फोन केला, चूक आमची, असं सांगून टाकलं. सरपंच म्हणाले, बरं झालं, मुरूम रस्त्याला टाकू. मग सारजाबाईला लावला.

"विहीर राहिली, बाई."

"व्हय का? लई बरं झालं. थांबा, तेवढी घागर भरून घेते."

सरांनी फोन ठेवला, बाह्या सारल्या आणि नळाखाली परवाच्या बाटल्या घासायला घेतल्या.