पाच दगड आणि एक बादली चुना

दिवाळीची सुट्टी संपून शाळा उघडली की अप्पा खुर्चीत बसायचं बंद करत. वाढवून सांगत नाही. मी गणिताचा मास्तर आहे, जे सांगतो ते मोजून सांगतो. निलंग्याच्या शाळेत आम्ही बारा वर्षं एका टेबलाशी काढली आणि त्या प्रत्येक वर्षातला साधारण दीड महिना माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहिली. चित्रकलेचे हे शिक्षक खिडकीशी उभे असत. भाकरी उभ्याने, चहा उभ्याने, वह्यांवर सह्या उभ्याने. नजर गावाबाहेरच्या माळावर. हेडमास्तरांनी एकदा त्यांना सभेत बसायला सांगितलं, तर म्हणाले, "तुमी बोला सर, मी उभ्यानंच ऐकून राहिलो."

नाव काशिनाथ. पण गावात म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे अप्पाच म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. मी नांदेडचा. बदलीने तिथे गेलो तेव्हा मला माणसांपेक्षा वेळापत्रकाची सवय जास्त होती, आणि पहिल्याच हिवाळ्यात या गृहस्थाने माझ्या वेळापत्रकाची वाट लावली. दुपारी सव्वातीनला ते माझ्या वर्गाच्या दारात यायचे आणि हळूच म्हणायचे, "सर, माजा शेवटचा तास घ्या. ऊन पळून राहिलंय." माझ्या उत्तराची वाट न बघता सायकलवर टांग टाकून पसार. मग मी सातवीच्या पोरांना चित्रकलेच्या तासाला अपूर्णांक शिकवायचो. ती पोरं आज बापे झाली आहेत, तरी बाजारात दिसली की त्या तासांचा राग त्यांच्या डोळ्यांत मला अजून दिसतो.

हा माणूस इतकी धावपळ कशासाठी करतो, ते मला सावकाश कळलं. अप्पांचं रान माळाच्या पायथ्याला होतं. खाली काळी माती, हरभरा, करडई, वर उघडा माळ आणि त्यावर गुडघाभर कुसळी गवत. हे गवत दिवाळीत हिरवेपणा सोडतं आणि मार्गशीर्षाच्या अमावास्येपर्यंत वाळून पांढरं पडतं. मधल्या दिवसांत, चारच्या कलत्या उन्हात त्याच्यावर एक रंग येतो. तो अप्पांना हवा होता. "तांबडा न्हाई, पिवळा न्हाई. दोन्हीच्या मधी कुटंतरी बसलाय, अन् मला घावंना," असं ते म्हणत. मी एकदा त्यांच्याबरोबर माळावर जाऊन बघितलं. मला गवत दिसलं. तसं प्रामाणिकपणे सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे मोठ्या दयेने पाहिलं.

ते चित्र काढत दगडांवर. बांधावरचे पाटाएवढे सपाट काळे दगड निवडायचे आणि रंग स्वतः करायचे: काव, पिवडी, शेतातली काळी माती, चुलीवरचं काजळ, करडईच्या वाळल्या पाकळ्या. सगळं खलबत्त्यात कुटून बाभळीच्या डिंकात कालवलेलं. विकतच्या रंगांना ते हात लावत नसत. "डबीतला रंग लई बोलतो, सर. मला गप बसनारा रंग पायजे." पाऊस पडला की डिंक सुटे आणि वर्षभराची चित्रं वाहून मातीत जात. याचं त्यांना काहीच वाटत नसे. येत्या दिवाळीला तेच दगड, तीच घाई.

एक शब्द मात्र मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. 'झालं.' कुठलंच चित्र त्यांच्या लेखी झालेलं नसे. "अजून जरा," एवढंच. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाटकाचा मागचा पडदा रंगवायचं काम त्यांच्याकडे होतं. नाटक सुरू व्हायची घंटा झाली, दर्शनी पडदा वर गेला, तेव्हा अप्पा प्रेक्षकांकडे पाठ करून एका झाडाला फांदी काढत होते. लोकांना वाटलं हाच पहिला प्रवेश. टाळ्या पडल्या. अप्पांनी मान वळवून "अजून जरा" म्हटलं आणि फांदी पुरी केली.

आता येळवस सांगायला हवी. कागदोपत्री वेळ अमावास्या. मार्गशीर्षातल्या त्या दिवशी लातूरकडचं सगळं गाव घरांना कुलपं लावून रानात जेवायला जातं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून कोप करतात, तिथे पाच दगड मांडून त्यांना चुना देतात. हे पांडव. त्यांची पूजा झाली की मिश्र भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यातली आंबील. अप्पा मला दरवर्षी बोलवत आणि मी दरवर्षी भर दुपारी, जेवणाच्या बेताने पोहोचत असे. तरी उपाशी बसावं लागे, कारण यजमान बांधापलीकडे दगडाशी बसलेले. पानं वाढलेली, पाहुणे ताटकळलेले आणि तिकडून हात हलायचा, थांबा म्हणून. त्यांच्या पत्नी महादेवीअक्का शांतपणे म्हणत, "ह्येंच्यापायी आमची आंबील दरसाल दोनदा आंबती." मला भूक सहन होत नाही. एकदा मी रागाने पहिला घास घेऊन मोकळा झालो होतो.

आणि मग ते वर्ष आलं. नांदेडच्या एका कला महाविद्यालयातले एक प्राध्यापक निलंग्याला लग्नाला आले होते. फिरत फिरत अप्पांच्या रानात गेले आणि दगड बघून जागीच उभे राहिले. म्हणाले, पाच दगड द्या, नांदेडला प्रदर्शन आहे, येळवसला मी स्वतः गाडी घेऊन येतो. अप्पांना निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. तीस वर्षांत त्यांचं एकही चित्र निलंग्याच्या वेशीबाहेर गेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाळेत आले ते पार उडालेल्या चेहऱ्याने. "सर, बोलावणं आलंय," म्हणाले, "पर द्यायला माज्याकडं हाय काय? त्यो रंग तर घावलाच न्हाई."

तो दीड महिना मी विसरणार नाही. अप्पा वाळत चालले. भाकरी डब्यात तशीच परत जायची. पाच दगड रंगवले, पुसले, पुन्हा रंगवले. दिवसा त्यांच्यावर पोती टाकलेली, कुणाला बघू देत नसत, मलाही नाही. वर्गात पोरांना मोर काढायला सांगायचे आणि स्वतः खिडकीच्या गजाला धरून उभे राहायचे. मला आतून राग येत होता आणि काळजीही वाटत होती. या माणसाचं एकदाचं काम पुरं व्हावं आणि त्याने दोन घास सुखाने खावेत, असं मला मनापासून वाटत होतं. म्हणून त्या येळवसला मी ठरवलं, आयतं जेवायला जायचं नाही, सकाळीच जाऊन हातभार लावायचा.

सकाळी त्यांच्या घरी पोहोचलो तर अप्पा पहाटेच रानात जाऊन, परस्पर स्टँडवर प्राध्यापकांना आणायला गेलेले, कारण गाडी रानापर्यंत जात नसे. अक्का बायकांबरोबर उंडे बांधत होत्या. मी काम मागितलं. त्यांनी चुन्याची बादली आणि कुंचा हातात दिला. "पुढं व्हा सर. बाभळीपशी पाच दगडं मांडल्याती, त्यांला चुना देऊन ठिवा. मी आलेच मागून."

बाभळीपाशी गेलो. शेजारीच कोप उभी होती. झाडाखाली पाच दगड ओळीने टेकवून ठेवलेले. दवाने ओले, आणि मातीने चांगलेच बरबटलेले. देवाचे दगड असे ठेवतात का, असं माझ्या मनात आलं. विहिरीवरून दोन कळशा पाणी आणलं, गवताच्या चुंबळीने घासघासून धुतलं, काळा दगड लख्ख दिसेपर्यंत. मग चुन्याचे दोन हात दिले. कडासुद्धा सोडल्या नाहीत. कुठे ठिपकाभर काळं राहिलं नाही हे वाकून तपासलं आणि समाधानाने हात धुतले. काम कसं नेटकं करावं हे आज अप्पांना दिसेल, असंही वाटलं. हे लिहिताना अजून कानशिलं तापतात.

अक्का डोक्यावर टोपली घेऊन आल्या आणि तिथेच थबकल्या. टोपली खाली ठेवली, कोपीच्या मागे गेल्या आणि मला हाताने बोलावलं. कोपीच्या मागे पाच छोटे दगड मांडलेले होते, कोरडे, बिनचुन्याचे. बाजूला चार-पाच पोती नीट घडी करून ठेवलेली होती. ती पोती बघितली आणि मला कळलं. प्रवासाआधी दगडांना ऊन लागावं म्हणून अप्पांनी ती पहाटे काढली होती. मी बांधावर बसलो. तेवढ्यात सायकल हातात धरून अप्पा आणि शेजारून चालत प्राध्यापक येताना दिसले.

अप्पा दगडांसमोर येऊन उभे राहिले. किती वेळ, ते मी मोजलं नाही. आयुष्यात मोजायचं राहिलं ते तेवढंच. मी उठून कसंबसं म्हणालो, "अप्पा, मी केलं हे. मला वाटलं पांडव आहेत."

"चितरं हायती हे दिसलं न्हाई?"

"नाही हो. मला वाटलं, माती लागलीय. म्हणून धुतले."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओरडतील, निघून जातील, काहीही करतील असं वाटत होतं. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज वेगळाच होता. "माती वाटली तुमाला?"

"हो."

"मातीच?"

"हो, अप्पा."

"मंग झालं होतं," ते म्हणाले. "धा दिवस मी बघून राहिलो, मला कळंना. झालं होतं."

हा शब्द त्यांच्या तोंडून मी त्या दिवशी प्रथम ऐकला, आणि तोही माझ्या हाताने पुसल्या गेलेल्या चित्रांविषयी. मला रडू आलं. मी त्यांच्याहून वयाने लहान, पण इतका लहानही नव्हतो. बायका बघत होत्या, तरी आवरलं नाही.

अप्पांनी धोतराच्या सोग्याने तोंड पुसलं आणि अक्कांना म्हणाले, "चुना लागलाय न्हवं, मंग आता ह्येच पांडव. पूजा कर." अक्कांनी आधी बेल वाहिला आणि मग प्रत्येक दगडाला हळदीची बोटं ओढली. चुना ओला होता. हळद चुन्याला लागली की तांबडी होते, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. वर, जिथे अक्कांचं बोट हळदीने भरलेलं होतं, तिथे कुंकवासारखं लाल उमटलं. पण खाली जिथे हळद संपत आली होती, तिथे चुन्यावर एक पुसट रंग धरला. तांबडा नाही, पिवळा नाही. अप्पा गुडघ्यांवर बसले. माळाकडे बघितलं, दगडाकडे बघितलं, पुन्हा माळाकडे. मग अक्कांच्या हातातली हळदीची वाटी त्यांनी जवळजवळ हिसकावूनच घेतली.

त्या दिवशी आम्ही साडेचारला जेवलो. प्राध्यापक भले माणूस, आंबील पिऊन दम धरून बसले. अप्पा हळद पाण्यात पातळ करत होते, बोटाने ओढत होते, चुना वाळला की माझ्याकडून पुन्हा ओला हात देववत होते. पाचव्या दगडावर शेवटी माळ उतरला. मलाही दिसला, मला, ज्याला आजवर फक्त गवत दिसत आलं होतं. प्राध्यापकांनी मोबाइलवर फोटो काढला, फोटोत काहीच आलं नाही. चुना वाळू लागला तसा रंगही उतरला, कडेने पिवळट पडत गेला. "ओलं आहे तोवरच आहे हे, अप्पा," ते म्हणाले, "नांदेडला नेणार कसं?" अप्पा हात धुत होते. "नका नेऊ," म्हणाले. "ज्याला बघायचंय त्यो येळवसला इथं यील." प्राध्यापक रिकाम्या गाडीने परत गेले. प्रदर्शन अप्पांशिवाय झालं.

मला वाटायचं, रंग सापडला, आता तरी अप्पा खुर्चीत बसतील. कसचं काय. आधी रंग सापडत नव्हता म्हणून जीव उडालेला, आता सापडलेला टिकत नाही म्हणून. पुढच्या दिवाळीनंतर ते पुन्हा खिडकीशी उभे. मी त्या चुकीबद्दल परत माफी मागितली की चिडवायचे, "तुमच्यासारखं साफ धुवाया कुनाला जमंल, सर? चुना द्यायला तुमीच या." माझी बदली नांदेडला झाली, मग मी निवृत्त झालो, तरी दर येळवसच्या आदल्या दिवशी लातूरला एस.टी. बदलून निलंग्याला जात राहिलो. मी चुना द्यायचा, त्यांनी हळद ओढायची. तासाभरात रंग यायचा आणि जायचा.

गेल्या श्रावणात अप्पा गेले. हृदयाने दगा दिला, अर्ध्या तासात संपलं. मी पोहोचलो तेव्हा माती झाली होती. मार्गशीर्षात अक्कांचा फोन आला. "येळवसला या, सर. कोन न्हाई चुना द्यायला."

गेलो. बाभळीखाली पाच दगड होते, यंदाच्या पावसाने धुतलेले. चुना दिला, कडा सोडल्या नाहीत. अक्कांनी पूजा करून वाटी माझ्या हातात ठेवली आणि कोपीकडे गेल्या. मी हळद कालवली आणि बोट ओढलं. कुंकू झालं. पुसून पुन्हा चुना दिला, हळद पातळ केली. या वेळी नुसतं पिवळं. तिसऱ्यांदा कडेला थोडंसं जमलं, मधे बिघडलं. एवढ्यात पानं वाढून झाली, अक्कांनी हाक मारली, पाहुणे बसले. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि मला भूक सहन होत नाही, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं. पण माळावर ऊन नुकतंच कलायला लागलं होतं. मी मागे न बघता हात हलवला, थांबा म्हणून.